उन्हाळ्यात गच्चीवरची भाजी: फुलगळ, करपलेली पानं आणि शेडनेटचा प्रश्न

सायली_बाग
गच्ची पुण्यात आहे, पूर्ण उघडी. दुपारी १२ ते ६ थेट ऊन. काळ्या १२ बाय १२ इंची ग्रो बॅगा, त्यात लाल माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या भागांनी. टोमॅटो, भेंडी, दुधी, काकडी, मिरची, पालक, कोथिंबीर लावली आहे. मार्च संपत आलाय आणि सगळं एकदम बिघडलं. टोमॅटोला फुलं भरपूर येतात, पण देठाजवळ पिवळी पडून गळतात. दुधी बोटाएवढा धरतो आणि टोकाकडून काळा पडतो. पालकाला तुरे आले. भेंडी, काकडीच्या पानांच्या कडा करपताहेत. नर्सरीत सांगितलं की पोटॅश कमी पडतंय, ००:००:५० फवारा.

खरंच खत कमी आहे का? की शेडनेट हवं? हवं असेल तर किती टक्के ऊन अडवणारं? आणि एप्रिल-मे मध्ये गच्चीवर काय लावण्यात अर्थ आहे तेही सांगा.

गोणपाट
खत दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा. पोटॅश कमी असेल तर कडा आधी जुन्या, खालच्या पानांच्या करपतात आणि वरची पानं ठीक राहतात. तुमच्याकडे उन्हाच्या बाजूची सगळीच पानं करपत असतील तर तो उष्णतेचा आणि क्षारांचा प्रकार आहे. अशा वेळी वरून आणखी खत दिलं की मातीतले क्षार वाढतात आणि मुळांना पाणी घेणं अधिकच जड जातं.

खरी अडचण बॅगेत आहे. काळी बॅग, खाली तापलेला स्लॅब आणि पश्चिमेचं ऊन, त्यामुळे दुपारी बॅगेच्या कडेची माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल, गार थरात जातात. बॅगेतली मुळं मात्र नेमकी कडेला गोळा होतात आणि तिथेच भाजतात. दुपारी चार वाजता पश्चिमेकडच्या कडेला बोट दोन इंच खाली घालून बघा. चटका बसला तर पुढची सगळी लक्षणं तिथूनच आली आहेत.

उपाय साधे आहेत. बॅगांना बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा पांढरा चुना मारा. सुट्या ठेवू नका, एकमेकींना चिकटवून गट करा, म्हणजे आतल्यांवर बाहेरच्यांची सावली पडते. पश्चिमेच्या कडेला नुसत्या मातीच्या किंवा कढीपत्ता, गवती चहा असल्या काटक झाडांच्या बॅगा लावा. प्रत्येक बॅग विटांवर उचलून ठेवा. वर दोन ते तीन इंच आच्छादन हवंच: उसाचं पाचट, वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. खोडाला मात्र चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा, नाहीतर बुंधा कुजतो.

आणि दुधी १२ इंची बॅगेत होत नाही. त्या बॅगेत जेमतेम २० लिटर मिश्रण मावतं. दुधीला १८ बाय १८ ची, म्हणजे साधारण ७० लिटरची बॅग लागते. काकडीला १५ इंची चालेल.

विदर्भमाती
टोमॅटोबद्दल स्पष्टच सांगतो. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २४-२५ च्या वर राहायला लागलं की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फूल उमलतं, फळ धरत नाही आणि गळून पडतं. ते कोणत्याही फवाऱ्याने थांबत नाही. इकडे नागपुरात एप्रिलपासून रात्रीसुद्धा माती निवत नाही, त्यामुळे मार्चअखेर टोमॅटो काढून टाकणं हाच शहाणपणा. पुण्यात रात्री थोड्या गार असतात, म्हणून चेरी टोमॅटो एप्रिलच्या मध्यापर्यंत थोडंफार देतील, मोठ्या फळाचे नाही.

तोवर सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान फुलांच्या घोसाला टिचकी मारा. त्या वेळी पराग कोरडा आणि सुटा असतो. झाड ठेवायचंच असेल तर नवीन शेंडे खुडून त्याचा पसारा कमी करा.

शेडनेट मी ७५ टक्क्यांचं सुचवेन. ४५ अंशाला ५० टक्के म्हणजे काहीच नाही.

कैचीवाला
विदर्भमाती दादा, ७५ टक्क्यांखाली भेंडी आणि गवार नुसत्या उंच होतात. पेरं लांबतात, खोड बारीक राहतं, फुलं कमी. फळभाजीला ३५ टक्के, पालेभाजीला ५०. ७५ टक्के फक्त रोपांच्या ट्रेसाठी किंवा फर्न-अँथुरियमसाठी.

विदर्भमाती
पुण्यासाठी ३५ मान्य. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात ३५ टक्क्यांखाली काकडी उभी राहत नाही. मग मधला मार्ग असा: वर ५० टक्क्यांचं, आणि पश्चिमेला वेगळा उभा पडदा, दुपारी २ नंतर सोडायचा. सकाळचं पूर्वेचं ऊन झाडाला पूर्ण मिळू द्यायचं. उत्पन्न सकाळच्या उन्हावर येतं, दुपारचं ऊन झाडाला फक्त सोसावं लागतं.

सायली_बाग
पडदा ही कल्पना आवडली. नेट झाडांवर थेट अंथरलं तर चालेल का? सांगाडा उभारायला सोसायटी परवानगी देईल असं वाटत नाही.

कैचीवाला
थेट अंथरू नका. नेट स्वतः तापतं, शिवाय पानांना घासून शेंडे मोडतं आणि खाली गरम हवा कोंडते. झाडाच्या शेंड्यापासून किमान दोन-अडीच फूट वर हवं. सांगाड्याला पर्याय म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या डब्यात खडी-सिमेंट भरून त्यात बांबू उभे करायचे. चार कोपऱ्यांना चार डबे, वर नायलॉनची दोरी ताणायची आणि नेट क्लिपांनी अडकवायचं. गच्चीला एकही भोक पडत नाही. क्लिपाच लावा, तारेने पक्कं बांधू नका. वळवाचा पाऊस येतो तेव्हा आधी वावटळ येते. बांधलेलं नेट शिडासारखं फुगून डब्यासकट सगळं ओढून नेतं. क्लिपा असतील तर नेट सुटून बाजूला होतं, झाडं वाचतात. ढग भरून आले की नेट गुंडाळून ठेवायची सवय लावा.

तांदुळजा
पालक-कोथिंबिरीवरून कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

पालक थंडीचा. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की तो पानं सोडून बियांच्या मागे लागतो. तुरा खुडला तरी तो पुन्हा पानाकडे वळत नाही, उपटून टाका. उन्हाळ्यात पालेभाज्या आपल्याच हव्यात: तांदुळजा, लाल आणि हिरवा माठ, राजगिरा, अंबाडी, मायाळू, चवळीची कोवळी पानं, आणि ओलं टिकवता आलं तर अळू. माठ आणि तांदुळजा उष्णतेत वेगाने वाढतात, २५ ते ३० दिवसांत काढणीला येतात. बी फार बारीक असतं, म्हणून चारपट बारीक वाळूत मिसळून पसरा आणि वर गांडूळखताचा अगदी पातळ थर द्या. बी खोल गेलं तर उगवत नाही. पहिल्या पाच दिवसांत झारीनेच पाणी, पाइपने दिलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. मुंग्या बी उचलून नेतात, त्यासाठी ट्रेच्या कडेने हळदीची रेघ ओढा.

कोथिंबीर उन्हाळ्यात करता येते, पण मोठी जुडी विसरा. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाका करा, १२ तास पाण्यात भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून मोड फुटायला लागले की पेरा. सहा इंच खोलीचा ट्रे पुरतो. ५० टक्के नेटखाली, पूर्वेच्या बाजूला. चार-पाच इंचाची झाली की मुळासकट काढायची, कारण वाट पाहिली की ती फुलावर जाते. दर दहा दिवसांनी नवा ट्रे पेरत राहिलात तर घरात रोज चिमूटभर मिळते.

मायाळूचा वेल मात्र सगळ्यांनी लावावा. काडी टोचली की लागते, कीड जवळजवळ नाही, जूनपर्यंत सावलीसुद्धा देतो. भजी, वरण, पातळ भाजी, सगळ्यात जातो.

निशिगंध
मायाळूला +१. लाल देठाचा वेल दिसायलाही देखणा.

ठिबक
आता पाणी. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त झाडं पाण्याच्या वेळेमुळे मरतात.

दुपारी काकडी, दुधीची पानं लोंबतात. मोठ्या पानाच्या वेलात ते होतंच, मुळं ओढतात त्यापेक्षा पानातून जास्त पाणी उडतं. संध्याकाळी सात वाजता ती परत ताठ झाली तर काही करायचं नाही. सकाळी सात वाजताही लोंबलेलीच असतील तर मात्र पाणी खरंच कमी आहे, किंवा मुळं कुजली आहेत. बोट दोन इंच घालून पाहा. आत ओल असूनही पान सकाळी मान टाकत असेल तर पाणी वाढवू नका, तो मर रोग आहे.

पाइप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी चहाच्या आधणासारखं असतं. ते बादलीत सोडा. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणीही तापलेलं असतं, म्हणून पाणी सकाळी आठच्या आत. १२ इंची बॅगेला एप्रिल-मे मध्ये संध्याकाळीही थोडं लागतं, १८ इंचीला बहुधा एकदाच पुरतं. मोठी बॅग घ्यायचं हेही एक कारण.

कोकोपीट जास्त असलेलं मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही. माती कडेपासून सुटते, त्या फटीतून पाणी सरळ खाली जातं, आपल्याला वाटतं झालं पाणी, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तसं दिसलं तर कडेची फट हाताने दाबून बंद करा, थोडं पाणी द्या, दहा मिनिटं थांबा, पुन्हा द्या. तरी मुरलं नाही तर लहान बॅग सरळ पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा.

ठिबक बसवायचं तर गच्चीच्या टाकीवरून दाब फार कमी मिळतो. दाब-नियंत्रित ड्रिपर तिथे उघडतच नाहीत. साधे ताशी ४ लिटरचे, उघडून साफ करता येणारे ड्रिपर घ्या आणि सुरुवातीला १२० मेशची जाळी लावा. क्षार बसले की ड्रिपर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले तर मोकळे होतात.

परसबाग
ठिबक, मडक्याचं पाणी का नाही सांगितलंत? गावाला चार दिवस जायचं असेल तर त्यासारखं काही नाही. भट्टीत भाजलेलं, रंग न लावलेलं तीन-चार लिटरचं मडकं १८ इंची बॅगेच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण. माती सुकते तसं पाणी झिरपतं आणि मुळं मडक्याला वेढा घालतात. पॉलिश केलेलं किंवा ऑइलपेंट मारलेलं मडकं झिरपत नाही. वर्षभराने क्षारांनी छिद्रं बुजतात, तेव्हा बाहेरून काथ्याने घासून उन्हात वाळवायचं.

ठिबक
बरोबर, राहून गेलं. क्षाराचं पाणी असेल तर मडकं लवकर बुजतं एवढंच.

सायली_बाग
क्षारावरून आठवलं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. मातीवर पांढरा थर दिसतोय. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या.

गोणपाट
हाच धागा मी शोधत होतो. पांढरा थर म्हणजे क्षार. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण कठीण पाण्याने पीएच चढला की मुळांना ते घेता येत नाही. वरचा अर्धा इंच थर खरवडून फेका. मग बॅगेत जेवढं मिश्रण आहे साधारण तेवढं पाणी हळूहळू सोडा आणि खालून पूर्ण निथळू द्या, १२ इंचीला दहा लिटरच्या दोन बादल्या. त्यासाठी शक्य तितकं गोडं पाणी वापरा. नंतर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येणारं), पाकिटावरच्या मात्रेने, संध्याकाळी पानांवर. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वाया घालवू नका, पण मीठ घातलेलं भाजी उकडलेलं पाणी चुकूनही नको.

रानभाजी
लोहासाठी गंजके खिळे पुरतात की. आणि दुधीच्या काळ्या टोकाला अंड्याची टरफलं.

गोणपाट
रानभाजी, गंजातलं लोह झाडाला जवळजवळ मिळतच नाही, पीएच चढलेला असताना तर नाहीच. टरफलांचंही तसंच. त्यात कॅल्शियम भरपूर आहे, पण ते मातीत विरघळायला फार वेळ जातो, बहुतेक वेळा पुढचा हंगाम उजाडतो. टोमॅटोचा बुडखा काळा पडतो तेव्हा मातीत कॅल्शियम बहुधा असतंच. पाणी एक दिवस भरपूर, एक दिवस नाही, असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित केलं की पुढची फळं चांगली येतात. टरफलं पूड करून कंपोस्टात घाला, फुकट जाणार नाहीत.

परसबाग
पण दुधीचं काळं टोक वेगळं प्रकरण आहे. सायलीताई, बोटाएवढा दुधी गळला तो उभा चिरून बघा.

आत पांढरट, वळवळणाऱ्या बारीक अळ्या असतील आणि सालीवर डिंकाचा थेंब वाळलेला असेल तर ती फळमाशी. आत काही नसेल, नुसता टोकाकडून पिवळा-काळा होऊन सुकला असेल, तर परागीभवन झालेलं नाही. गच्चीवर, त्यातही चौथ्या-पाचव्या मजल्यावर, दुसरं कारण जास्त असतं.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात, त्याचं काम पतंग करतात आणि शहरात ते कमी. म्हणून संध्याकाळी साडेसहा-सातला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवायचा. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या देठाशी लहानसा दुधी असतो. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. दोडक्याचंही संध्याकाळीच. घोसाळं, काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी. भोपळ्याचं फूल तर दहापर्यंत मिटतं, त्याला उशीर चालत नाही.

सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस सगळी नर फुलं येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कडक उन्हात आणि नत्र जास्त झालं तरी नर फुलं वाढतात.

फळमाशीसाठी सापळा लावताना एक गोष्ट बघून घ्या. दुकानात बरेचदा आंबा-पेरूच्या माशीला ओढणारी मिथाइल युजेनॉलची वडी देतात. वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्युअर लागतो. चुकीची वडी टांगली तर सापळ्यात माश्या दिसतील, पण तुमच्या दुधीवरच्या नाहीत. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून परागीभवन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फळाला वर्तमानपत्राची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी बांधा. गळलेली फळं कंपोस्टात टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा.

रानभाजी
माद्या वाढवायला ३जी कटिंग (शेंडे खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणणं) करा, सगळे व्हिडिओ तेच सांगतात.

कैचीवाला
दुधीला त्याचा उपयोग होतो, कारण त्याच्या माद्या बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. मुख्य वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडायचा, बाजूच्या फांद्यांना आठ-दहा पानं झाली की त्यांचाही. पण आत्ता, मार्चअखेर, १२ इंची बॅगेत नको. पानं वाढवायला मुळं नाहीत, पाणी नाही, मग वेल फांद्याही पोसत नाही आणि फळही. मोठ्या बॅगेत, जूनच्या लागवडीला करा. हायब्रीड काकडीच्या काही जातींना तर बहुतेक मादीच फुलं असतात, तिथे खुडण्याची गरजच नाही.

निंबोळी
ऊन वाढलं की किडींचा क्रम बदलतो. मावा कमी होतो, लाल कोळी, फुलकिडे आणि पांढरी माशी वाढते.

लाल कोळी डोळ्यांना जेमतेम दिसतो. पानावर बारीक पिवळे ठिपके पडले की पान पांढऱ्या कागदावर झटका. चालणारे ठिपके दिसले तर तोच. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून तीन-चार सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मं काम तिथेच होतं. पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, लिटरला २ ग्रॅम, पण काकडी-दुधीच्या वर्गावर नको, पानं जळतात. ३२ अंशांच्या वर कशावरच नको. आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

मिरचीच्या बोकड्याला सगळे एकच औषध मारतात, तिथे चुकतं. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असेल तर फुलकिडे. खालच्या बाजूला वळून देठ लांबला असेल तर कोळी. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे.

निंबोळी तेल लिटरला ५ मि.लि., आधी १-२ मि.लि. पातळ साबणात चांगलं घोटून, मग पाण्यात. नुसतं पाण्यात टाकलं तर तवंग वर येतो, पहिल्या फवाऱ्यात पाणी आणि शेवटच्यात तेल, झाड जळतं. फवारणी सूर्य मावळल्यावर. पेंड किंवा बी मिळत असेल तर ५ टक्के अर्क तेलापेक्षा सौम्य आणि चांगला: ५० ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून १ लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी पिळून गाळायचं आणि त्याच दिवशी वापरायचं.

भेंडीच्या पानांच्या शिराच पिवळ्याधमक झाल्या आणि फळही पिवळं येऊ लागलं तर तो विषाणू आहे, केवडा. पांढरी माशी पसरवते. त्याला औषध नाही, झाड त्याच दिवशी उपटा. पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, या जाती त्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

विदर्भमाती
मिरची-भेंडीबद्दल निंबोळीताईंना दुजोरा. आणि जीवामृत कुणी काढलं नाही अजून! नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर आमच्या अमरावतीकडचे. त्यांचं माप २०० लिटर पाण्याचं, एकराला. गच्चीसाठी दहावा भाग करा: २० लिटर पाणी, १ किलो शेण, अर्धा ते १ लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी १०० ते २०० ग्रॅम, मूठभर बांधावरची माती. सावलीत दोन दिवस, रोज दोनदा ढवळायचं. दहापट पाण्यात, संध्याकाळी, ओल्या मातीवर. आठवडाभरात संपवायचं.

मस्कतकर
आखातात हा प्रश्न आम्ही उलटा सोडवतो. भाजीचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबर बॅगा रिकाम्या, फक्त कढीपत्ता, लिंबू, शेवगा सावलीत जगवायचे. विदर्भातल्या मंडळींनी मे महिना असाच मोकळा सोडला तर काय हरकत?

विदर्भमाती
मोकळा सोडायची गरज नाही. गवार, चवळी, भेंडी, अंबाडी मे मध्येही उभी राहतात, पण पेरणी फेब्रुवारीत व्हायला हवी, म्हणजे ऊन तापायच्या आत मुळं खोल गेलेली असतात. एप्रिलमध्ये नवं रोप लावणं मात्र खरंच टाळावं.

स्लॅबवाला
विषय भाजीचा आहे, पण १८ इंची बॅगांचा सल्ला वाचून लिहायलाच हवं. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. त्यात माणसंही आली. वावर नसलेल्या छपराला याच्या निम्मा. ओलं हलकं मिश्रण लिटरला सुमारे १ किलो आणि नुसती ओली माती १.६ ते १.८ किलो. म्हणजे १८ इंची एक बॅग ७० किलो, मातीची भरली तर १२० च्या आसपास. चौरस मीटरला अशी एकच ठेवा, किंवा १२ इंची चार. एक फूट जाडीचा सलग वाफा केला तर तोच ३०० किलो होतो, तो गच्चीवर करूच नका.

जड बॅगा तुळईवर किंवा भिंतीच्या कडेला येतील अशा मांडा, खोलीच्या मधोमध नकोत. बाहेर काढलेल्या बाल्कनीच्या टोकाला तर मुळीच नकोत. जुनी इमारत असेल तर आधी संरचना अभियंत्याला दाखवा. विटांवर ठेवताना पाणी जायच्या उताराकडे वाट मोकळी सोडा आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाला जाळी लावा, कोकोपीट वाहून जाऊन तिथेच तुंबतं. खालच्या घराच्या छताला पांढरे फुगवटे दिसले तर बॅगा हलवून आधी वॉटरप्रूफिंग तपासा.

परसबाग
मोलाची माहिती. म्हणूनच मुंबईत डॉ. दोशींनी उसाची चिपाडं वापरून बाग करायची पद्धत रुजवली. माती नावाला, बाकी चिपाड आणि घरचा ओला कचरा. वजन कमी, ओल जास्त टिकते. फक्त चिपाड कुजताना मिश्रण खाली बसतं, दर दोन-तीन महिन्यांनी वर भर घालावी लागते.

सायली_बाग
दुधी चिरला. अळ्या नाहीत. म्हणजे परागीभवनच. सगळ्यांचे आभार. आता ठरवते ते बरोबर आहे का सांगा: टोमॅटो आणि पालक काढते, दुधी एकच ठेवून १८ इंचीत हलवते, नेट ५० टक्के आणि पश्चिमेला पडदा, खत बंद.

कैचीवाला
दुधी हलवू नका. वेलवर्गीयांना मुळं हलवलेली सहन होत नाहीत, एप्रिलच्या उन्हात तर जगणारच नाही. आहे त्या बॅगेला बुडाशी चार उभ्या चिरा देऊन ती तशीच १८ इंची बॅगेत उतरवा, भोवती नवं मिश्रण भरा. मुळं चिरांतून बाहेर पडतील. वेलावर एका वेळी दोनच दुधी ठेवा.

गोणपाट
नेट ५० टक्के घेताय तर भेंडी आणि मिरची पूर्वेच्या कडेला, नेटच्या थोडी बाहेर ठेवा. त्यांना तेवढी सावली नको. खत पूर्ण बंद दोन आठवडेच, कायमचं नाही. क्षार धुऊन झाले, नवी पानं हिरवी आली, की जीवामृत किंवा गांडूळपाणी दहापट पाण्यात, पंधरा दिवसांतून एकदा.

टोमॅटोच्या बॅगा रिकाम्या झाल्या की त्यात लगेच काही लावू नका. मुळं उपसून बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आहेत, ती माती वेगळी ठेवा. माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकून एप्रिल-मे च्या उन्हात चार ते सहा आठवडे तापवा. ज्या उन्हाने झाडं भाजतात तेच ऊन इथे कामाला येतं. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळं नको. नंतर पाव भाग नवं शेणखत, पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणात हुमणी येते. १२ इंची बॅगेला ५० ग्रॅम निंबोळी पेंड, आणि किलोभर खतात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पूड) मिसळून आठवडाभर ओलसर सावलीत ठेवून मग घाला.

सायली_बाग
गाठी आहेत, दोन बॅगांत. मग जूनमध्ये त्या बॅगांत काय लावू?

निंबोळी
टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांपैकी काही नाही, सगळ्यांना सूत्रकृमी लागतो. पावसाळ्याभर दाट झेंडू लावा, जवळजवळ आणि भरगच्च. एखाद-दुसरं झाड लावून उपयोग नसतो. दसरा-दिवाळीला फुलं तोडा, मग झाडं बारीक चिरून त्याच मातीत गाडा. नोव्हेंबरमध्ये तिथे लसूण किंवा कांद्याची पात घ्या. टोमॅटोची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुसऱ्या, स्वच्छ बॅगांत.